संस्थेच्या पानाची पैसेवारी कशी करावी?

शेतकऱ्यांच्या बहुतेक संस्थांनीं, उत्पादक कंपन्यांनीं व बाजारसमित्यांनीं अलीकडे फेसबुक, यूट्यूब व इन्स्टाग्राम यांवर आपापलें पान उघडलें आहे. हें योग्यच झालें. पूर्वी जी सूचना चावडीवरील फलकास चिकटवून सोडावी लागे, ती आतां घटकेंत शेतावर पोहोंचते. परंतु या सोयीबरोबर एक नवी चाल पडत आहे, व तिजकडे सभासदांचें लक्ष वेधणें अवश्य आहे. संस्थेच्या वार्षिक अहवालांत “आपल्या पानाचे अनुयायी इतके हजार झाले” असें एक वाक्य येतें, त्यावर टाळ्या पडतात, आणि या हजारांपैकीं किती जणांच्या शेतांत कांहीं उतरलें, हें कोणी विचारीत नाहीं. पुढें असाही प्रश्न निघतो कीं शेजारच्या संस्थेचे अनुयायी आपल्या दुप्पट आहेत, तेव्हां पान वाढवून देणाऱ्या ठेकेदारास कांहीं रक्कम कां देऊं नये? ही रक्कम सभासदांच्या घामाची असते. म्हणून या आंकड्यांचा अर्थ काय, ते कसे मोजावे व दोन पानांची तुलना न्यायानें कशी करावी, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाची उमेद महसूल खात्याच्या दप्तरांत आंकडे उतरविण्यांत गेली. त्या कामांत एक गोष्ट पक्की कळते. आंकडा खरा असूनही त्यावरून काढलेला अर्थ खोटा असूं शकतो. सातबाऱ्यावरील क्षेत्र अगदीं बरोबर असलें, तरी त्यावरून खळ्यावर किती पोतीं आलीं हें समजत नाहीं. क्षेत्र निराळें, पेरा निराळा, उगवण निराळी व खळ्यावरचें धान्य निराळें. पानाच्या बाबतींत नेमका हाच घोळ होत आहे.

मोजमाप चुकलें म्हणजे काय होतें, याचा दाखला आपल्या पुणें जिल्ह्यांतच आहे. १८३० च्या सुमारास प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें या जिल्ह्याची पाहणी करून प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें खर्च वजा जातां उरणारें उत्पन्न काढलें, व त्याच्या शेंकडा ५५ इतका सरकारी आकार बसविला. कागदावर हिशेब मोठा नेटका होता. परंतु ज्या मोजणीवर व ज्या जबान्यांवर तो उभा होता, त्याच भरंवशाच्या नव्हत्या. आकार जड झाला, जमिनी ओसाड पडल्या व कित्येक कुळें गांव सोडून गेलीं. पुढें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत काम नव्यानें हातीं घेतलें. निव्वळ उत्पन्नाचा तो गुंतागुंतीचा हिशेब त्यांनीं टाकून दिला, मातीची खोली व प्रत पाहून जमिनीचे साधे वर्ग पाडले, आणि आकार रयतेस झेपेल असा ठेवला. हिशेब बारीक असण्यापेक्षां मूळ नोंद खरी असणें अधिक महत्त्वाचें, हा धडा तेव्हांपासून आपल्यापुढें आहे.

आतां पानाकडे वळूं. पानाविषयीं चार प्रकारचे आंकडे सांगण्यांत येतात. पहिला अनुयायांचा, ज्यांस लोक फॉलोअर म्हणतात. हें सातबाऱ्यावरील क्षेत्र होय. कोणी दहा वर्षांपूर्वीं एकदां कळ दाबून गेला, तरी त्याचें नांव कायम राहतें. तो आज पाहतो किंवा नाहीं, हयात आहे किंवा नाहीं, हें त्या आंकड्यांत येत नाहीं. दुसरा आंकडा पोहोंचेचा, म्हणजे एखादा मजकूर किती निरनिराळ्या माणसांच्या डोळ्यांपुढून गेला याचा. हा पेरा समजावा. येथें एक सावधगिरी हवी. पोहोंच म्हणजे माणसें, आणि व्ह्यूज म्हणजे खेपा. एकाच गृहस्थानें तीन वेळां पाहिलें तर पोहोंच एक व व्ह्यूज तीन. ठेकेदार बहुधा मोठा आंकडा दाखवितो, म्हणून कोणता दाखविला हें विचारून घ्यावें. तिसरा आंकडा प्रतिसादाचा, म्हणजे किती जणांनीं अंगठा उठविला, प्रश्न विचारला किंवा मजकूर दुसऱ्यास पाठविला. ही उगवण होय. यांतही अंगठ्यापेक्षां प्रश्नाचें व पुढें पाठविण्याचें मोल अधिक धरावें, कारण अंगठा शिष्टाचारानेंही उठतो. चौथा आंकडा कृतीचा, म्हणजे सूचना वाचून किती जणांनीं शेतांत कांहीं केलें याचा. हें खळ्यावरचें धान्य होय, आणि तें कोणत्याही कंपनीच्या यंत्रांत मोजलें जात नाहीं. तें आपणांसच मोजावें लागतें.

पुढची अडचण मापाची. आपल्या देशांत १९५६ साली वजन-मापांचा कायदा होऊन दशमान पद्धत आली. तत्पूर्वीं एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेच्या शेराशीं जुळत नसे. आज या पानांच्या बाबतींत तीच स्थिति आहे, आणि माप धरणारा मधूनच शेरही बदलतो. सप्टेंबर २०१६ मध्यें फेसबुकनें स्वतः कबूल केलें कीं, चलच्चित्र पाहण्याचा सरासरी वेळ सुमारें दोन वर्षें फुगवून दाखविला गेला होता. कारण साधें होतें. तीन सेकंदांच्या आंत निघून गेलेले प्रेक्षक भागाकारांतून वगळले होते. जें बीं उगवलें नाहीं तें पेरलेंच नाहीं असें धरल्यास कोणाचीही उगवण शंभर टक्केच दिसेल! यूट्यूबनें ३१ मार्च २०२५ पासून आपल्या आंखूड चित्रफितींसाठीं निराळा नियम लावला. फीत सुरू झाली कीं एक व्ह्यू धरावयाचा, ती किती वेळ पाहिली याची अट नाहीं. तेव्हां त्या दिवसापूर्वींचे व नंतरचे आंकडे एका रांगेंत मांडून “यंदा प्रेक्षक वाढले” असें म्हणणें म्हणजे जुन्या पायलीनें मोजलेलें धान्य नव्या किलोंशीं ताडून पाहणेंच होय.

शिवाय येथें मोजणारा कोण, हेंही पाहावें. वर्तमानपत्रांचा खप तपासण्यासाठीं आपल्याकडे १९४८ साली ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था निघाली. तींत प्रकाशक व जाहिरातदार दोघेही असतात, आणि खपाचे आंकडे दर सहामाहीस हिशेब-तपासनिसांकडून तपासून घेतात. पानांच्या बाबतींत तसें नाहीं. जी कंपनी जाहिरात विकते तीच माप धरते. बाहेरच्या माणसास निरनिराळ्या पानांची तुलना करतां यावी असें क्राउडटॅंगल नांवाचें एक साधन होतें. फेसबुकनें तें २०१६ साली विकत घेतलें व १४ ऑगस्ट २०२४ रोजीं बंद केलें. आतां शेजारच्या पानाचे बाहेरून दिसणारे आंकडे म्हणजे अनुयायी व उघड प्रतिसाद, आणि चित्रफितींचे व्ह्यूज. खरी पोहोंच ज्याची त्यासच दिसते. यास्तव कोणी “शेजारच्या पानाची पोहोंच आपल्याहून इतकी अधिक आहे” असें ठासून सांगूं लागल्यास, तें कशावरून, असें अवश्य विचारावें.

अनुयायी विकत मिळतात हेंही आतां गुपित राहिलेलें नाहीं. जुलै २०१८ मध्यें ट्विटरनें संशयावरून बंद केलेलीं खातीं गणतींतून काढून टाकलीं, तेव्हां जगांतील कित्येक बड्या मंडळींचे अनुयायी एका रात्रींत लाखोंनीं घटले. २०२० साली मुंबई पोलिसांनींही खोटे अनुयायी विकणाऱ्यांचा तपास केला. पाऊस नसतांना जर एखाद्याच्या विहिरीस एका रात्रींत पाणी आलें, तर तें टॅंकरनें ओतलें आहे हें कोणताही शेतकरी ओळखतो. तोच न्याय येथें लावावा.

मग मोजावें कसें? माझ्या मतें आपल्या जुन्या पैसेवारींत याचें उत्तर आहे. पैसेवारींत एका गांवाचें पीक दुसऱ्या गांवाशीं ताडीत नाहींत. त्या गांवाचें ठरलेलें प्रमाण उत्पन्न १०० पैसे धरून यंदाचें पीक त्याच्या किती पैसे आलें, हें काढतात. मावळांतील भाताची व इंदापुरांतील ज्वारीची बरोबरी कोणी करीत नाहीं, पण दोन्ही गांवांची पैसेवारी एका कागदावर मांडतां येते. पानाचेंही तसेंच करावें. समजा, मागील तीन वर्षांत ऑगस्ट महिन्यांत आपल्या नेहमींच्या पोस्टची पोहोंच १,२०० असे, आणि यंदाच्या ऑगस्टांत ती ७८० झाली, तर यंदाची पैसेवारी ६५. हा एक आंकडा “अनुयायी वाढले” या दहा वाक्यांपेक्षां अधिक बोलतो.

यांत “नेहमींची पोस्ट” कोणती धरावी, याचा नियम हवा. सरासरी काढूं नये. समजा, महिन्यांत बारा पोस्ट टाकल्या. अकरांची पोहोंच तीनशें-तीनशें झाली व एखाद्या बैलाच्या चित्रफितीची चाळीस हजार झाली. सरासरी साडेतीन हजारांवर जाते, परंतु तेवढी पोहोंच एकाही पोस्टची झालेली नाहीं! म्हणून सर्व पोस्ट पोहोंचेप्रमाणें लहान-मोठ्या अशा ओळीनें मांडाव्या व मधली घ्यावी. एका टपोऱ्या कणसावरून शेताचें उत्पन्न ठरवीत नाहींत. कापणी-प्रयोगाचा तुकडा डोळ्यांस भावेल तो न घेतां यदृच्छेनें निवडतात, त्याचें कारण हेंच.

दुसरा नियम वयाचा. आडसाली उसाची व सुरू उसाची बरोबरी एकाच दिवशीं होत नाहीं. तद्वत् काल टाकलेली पोस्ट व महिन्यापूर्वींची पोस्ट एका मापानें मोजूं नये. प्रत्येक पोस्टचा आंकडा ती टाकल्यापासून सातव्या दिवशीं वहींत उतरवावा. तिसरा नियम पाटाच्या पाण्याचा. पैसे भरून, म्हणजे बूस्ट करून, मिळविलेली पोहोंच निराळ्या रकान्यांत मांडावी. जिराईत पीक व पाटपाण्याचें पीक एका रकान्यांत घातल्यास पावसाचाही हिशेब लागत नाहीं व पाण्याचाही लागत नाहीं. चौथा नियम हंगामाचा. मे २०२३ मध्यें भाव नाहीं म्हणून टोमॅटो फेंकण्याची पाळी आली होती, आणि त्याच वर्षीं जुलैंत भाव असे कडाडले कीं जुन्नर-नारायणगांवकडील टोमॅटोची वार्ता देशभर गाजली. त्या महिन्यांत टोमॅटोविषयीं कोणीही कांहीं लिहिलें असतें तरी लोकांनीं तें पाहिलें असतें. तें यश बाजाराचें होतें, पान चालविणाऱ्याचें नव्हे. म्हणून यंदाचा जुलै मागल्या एका जुलैशीं न ताडतां अनेक वर्षांच्या जुलैंशीं ताडावा.

आतां दोन पानांची तुलना करावयाचीच झाल्यास एक काल्पनिक उदाहरण घेऊं. पहिल्या पानाचे अनुयायी ५०,००० आहेत, मधल्या पोस्टची पोहोंच २,००० व प्रतिसाद ४०. दुसऱ्याचे अनुयायी ३,०००, पोहोंच ९०० व प्रतिसाद ४५. पहिल्याचे अनुयायी जवळजवळ सतरापट, पण पोहोंच सव्वादोनपटींच्या आंतच. पोहोंचलेल्या शंभरांपैकीं पहिल्या पानास दोन जण प्रतिसाद देतात, दुसऱ्यास पांच. यावरून लहान पानच श्रेष्ठ, असें मात्र लगेच म्हणूं नये. मोठें पान अद्यापि दुपटीहून अधिक माणसांपुढें जातें, आणि लहान पानांचें प्रमाण बहुधा चढतेंच असतें, कारण तेथें ओळखीचे लोक अधिक असतात. तुलना करावयाची ती सारख्या आकाराच्या, सारख्या पिकांच्या व सारख्या हेतूच्या पानांत करावी. हेतूचें एक उदाहरण देतों. खडकवासल्याच्या कालव्याच्या पाळीची सूचना हवेली, दौंड व इंदापूर या तालुक्यांतील बागाईतदारांस हवी असते. ज्या पानाचा तोच उद्देश आहे त्याचे निम्मे अनुयायी मुंबईस किंवा दुबईस असले, तर त्यांच्या गणतीनें कोणाचेंही वाफे भिजणार नाहींत. अनुयायी कोणत्या शहरचे, हें पान चालविणाऱ्यास आंतून पाहतां येतें. तें सभेपुढें ठेवावें.

परंतु सर्वांत मोठी चूक भाजकाची होते, आणि माझ्या मतें लेखाचा मुख्य मुद्दा हाच. आपण अनुयायांपैकीं किती जणांनीं पाहिलें हें मोजतों. वास्तविक सभासदांपैकीं किती जणांस कळलें हें मोजावयास हवें. संस्था सभासदांची आहे, अनुयायांची नव्हे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळविषयक नियमावलींत पाऊस, पेरा, उपग्रहाची पाहणी, जमिनींतील ओल इत्यादि अनेक निर्देशांक आहेत. तरीही तेवढ्यावर न थांबतां तालुक्यांतील १० टक्के गांवांत प्रत्यक्ष जाऊन पडताळा घ्यावा, असें सांगितलें आहे. उपग्रह आकाशांतून पाहतो, पण धूळ चप्पल घालूनच कळते. आपणही तसेंच करावें. सभासदांच्या नोंदवहींतून चिठ्ठ्या टाकून दहांत एक नांव काढावें व त्यांस दूरध्वनि करून तीनच प्रश्न विचारावे. सूचना कळली काय? कोणत्या मार्गानें कळली? कळल्यावर आपण काय केलें? समजा, सहाशें सभासदांतून साठांस विचारलें. एकवीस जणांस सूचना कळली होती, त्यांत सहांस पानावरून, बारांस व्हॉट्सॲपवर कोणी पुढें पाठविल्यामुळें व तिघांस शेजाऱ्याकडून. प्रत्यक्ष फवारणी किंवा पाहणी नऊ जणांनीं केली. तर संस्थेच्या सूचनेचें खरें फळ शेंकडा १५. हा आंकडा लहान दिसतो, पण तो आपला आहे व खरा आहे. पुढच्या वर्षीं तो २० व्हावा म्हणून काय करावें, हें त्यावरून ठरवितां येतें.

ही केवळ कागदी चर्चा नव्हे. २०१८ साली कर्नाटकांतून मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी महाराष्ट्रांत शिरली. डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ची खूण असलेली ती अळी पोंग्यांत दडून बसते, व लहान असतांनाच आवरली तर आवरते. अशा वेळीं सूचना आठ दिवस उशिरां कळणें म्हणजे न कळणेंच होय. तेव्हां एखाद्या पानाचा कस लागतो तो अंगठ्यांवर लागत नाहीं. किती शेतकऱ्यांनीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं मक्याचा पोंगा उलगडून पाहिला, यावर लागतो. अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या छायाचित्रास अळीच्या सूचनेपेक्षां अधिक अंगठे मिळतात, हें सर्वांस ठाऊक आहे. अंगठ्यांवरूनच पानाची परीक्षा होऊं लागली, तर पान चालविणारा हळूहळू वाढदिवसच छापील, व त्यास दोष देतां येणार नाहीं. जें मोजाल तेंच पिकेल.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा कीं, संख्या मोठी असल्यावांचून जाहिरात मिळत नाहीं व सरकारदरबारीं वजन पडत नाहीं. हें कांहीं अंशीं खरें आहे. अनुयायांचा रकाना पुसून टाका असें माझें म्हणणें नाहीं. तो पहिला रकाना असावा, एकुलता एक नसावा. दुसरा आक्षेप असा कीं, कित्येक शेतकरी वाचतात पण कळ दाबीत नाहींत, घरांत एक फोन व पाहणारीं चार माणसें असतात, तेव्हां हीं मापें पानावर अन्यायच करतात. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पूर्वीं पारावर एक जण वर्तमानपत्र वाची व दहा जण ऐकत, त्या दहांची नोंद खपांत कोठेंच होत नसे. परंतु याच कारणास्तव यंत्राच्या आंकड्यावर न विसंबतां सभासदांस विचारावें, असें मी म्हणतों. मुक्या वाचकाची गणती विचारल्यानेंच होईल. घरच्या बाईमाणसांसही विचारावें. पुष्कळ घरीं फोन पुरुषाच्या नांवावर असतो, पण सूचना वाचून सांगणारी तीच असते.

तेव्हां माझी सूचना एवढीच. येत्या वार्षिक सभेंत पानाचा अहवाल सहा रकान्यांच्या एका कोष्टकांत मांडावा: अनुयायी, मधल्या पोस्टची सातव्या दिवसाची पोहोंच, शंभर पोहोंचलेल्यांमागें प्रतिसाद, गत वर्षांच्या मानानें पैसेवारी, खर्च झालेली रक्कम, व दहांत एक सभासदाच्या चौकशीचा निष्कर्ष. पान वाढविण्याचा ठेका द्यावयाचाच असेल, तर तो अनुयायांच्या संख्येवर देऊं नये. दहा हजार रुपयांत चार हजार अनुयायी, म्हणजे अडीच रुपयांस एक, हा सौदा स्वस्त वाटतो. परंतु तीन महिन्यांनीं त्यांतले दोनशेंच पोस्ट पाहत असतील, तर एक वाचक पन्नास रुपयांस पडला. त्या दहा हजारांत संस्थेस एका हुशार मुलास मानधन देऊन प्रत्येक गांवीं एक व्हॉट्सॲपचा गट बांधून घेतां येईल, व सूचनेचा पडताळाही होईल.

आपल्या शेताची पैसेवारी कमी लागली तर आपण तलाठ्यास जाब विचारतों, आणि जास्त लागली तर सवलत जाते म्हणून त्याहून मोठ्यानें विचारतों. संस्थेच्या पानाविषयींही सभासदांनीं तोच बाणा धरावा. अहवालांत अनुयायांचा आंकडा वाचून दाखविला जाईल, तेव्हां टाळी वाजविण्यापूर्वीं कोणी तरी उभें राहून, सभासदांपैकीं किती जणांस कळलें, हा प्रश्न विचारावा, इतकीच विनंती.